शेवंतीवरचा कोळी

मला कोळी आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळे कोळ्यांचेच आहे आणि कुणाचा गैरसमज नको. न्हाणीघराच्या भिंतीवर कोळी दिसला की मी आजही दारातूनच नवऱ्याला हाक मारते. तो हातातल्या पेपराची नीट घडी घालून येईपर्यंत कोळी कुठेतरी पसार झालेला असतो, आणि मग "कुठे आहे?" "आत्ता तर होता" यावर आमचे बराच वेळ चालते.

अशा बाईच्या नशिबी मास्तरांच्या शेजारची खिडकी आली. मी संग्रहालयात तिकिटे देते. संग्रहालय म्हणजे पेंढा भरलेले प्राणी, टाचण्या टोचलेली फुलपाखरे आणि बाटल्यांतले साप. शाळेच्या सहली येतात, आणि बाहेर ऊन फार झाले की बसायला जागा शोधणारी जोडपी येतात. माझ्या खिडकीला लागूनच दुसरी खिडकी आहे आणि तिच्यावर पाटी आहे, 'येथे किडे ओळखून मिळतील.' या पाटीवर मास्तरांचा फार राग. कोळी हा किडा नव्हे. किड्याला सहा पाय, कोळ्याला आठ. आणि ज्या इमारतीला एवढे तरी ठाऊक असायला हवे तिच्याच दारात ही पाटी. त्यांनी ऑफिसात कितीदा तरी सांगितले. ऑफिसने दर वेळी पाटी पुसून स्वच्छ केली.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवले नाही. जाड चष्मा, छातीपर्यंत चढवलेली पँट आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय, एवढ्या भांडवलावर त्यांचे नाव मास्तर पडले. ते इथे लागले ते बाटल्यांत स्पिरिट भरायला. तळघरात कपाटेच्या कपाटे बाटल्या आहेत, त्यांतले स्पिरिट हळूहळू उडत असते, आणि कुणीतरी फिरून फिरून ते भरत राहावे लागते. कुणी नवा कोळी आणला की बाटलीत जाण्याआधी तो मास्तरांच्या हातात येई. तेव्हा त्याच्या अंगावर रंग असत. गवती हिरवा, तांबूस, पिवळ्यावर काळ्या रेघा, पोटाखाली लाल ठसा. बाटलीत पडला की थोड्याच दिवसांत सगळे उतरून जाई आणि तो बाकीच्यांसारखा गार चहाच्या रंगाचा होऊन बसे. मास्तरांना हे बघवत नसे. म्हणून ते भरता भरता बाटल्यांपुढे पुटपुटत राहत. ही काळी होती, पाठीवर पांढरे ठिपके. हा हिरवा होता, कडेने लाल. तळघरात दुसरे माणूस नसे, त्यामुळे हसायलाही कुणी नव्हते.

एकदा थोरले साहेब, म्हणजे तेव्हाचे प्रमुख, जिन्यात उभे राहून हे ऐकत राहिले. शास्त्रातली माणसे कोळी ओळखतात ती भिंगाखाली, त्याच्या डोळ्यांची मांडणी बघून. रंगावर त्यांचा भरवसा नसतो. पण लोक काडेपेटीत जिवंत कोळी घालून दारात येतात, त्यांना मांडणी काय सांगणार. त्यांना एकच हवे असते, हा चावला तर मी मरेन का. त्यासाठी रंग आणि खुणा लक्षात असलेला माणूस लागतो. साहेबांनी मास्तरांना तळघरातून वर आणून खिडकीत बसवले, आणि तिथून ते उठलेच नाहीत.

त्यांचे काम बघण्यासारखे होते, म्हणजे लांबून. आलेला माणूस हात जमेल तेवढा लांब करून डबी पुढे करी. मास्तर कोळी काचेच्या पेल्यात उतरवून घेत आणि वर जाड कागद धरत. आधी पाठ बघायची. मग पेला डोक्याच्या वर उचलून खालून पोट. मग पायांवर पट्टे आहेत का, असले तर सगळ्या पायांवर की पुढच्याच. यात गडबड नाही. समोरचा माणूस घामाघूम झालेला असला तरी क्रम तोच. शेवटी घसा खाकरून ते म्हणत, "घरातलाच आहे. सोडून द्या, माश्या कमी होतील." आणि तो माणूस वळून चालू लागे. आभार मानणारे थोडे, नाव विचारणारे कुणीच नाही. एकदा मी म्हणाले, "मास्तर, जीव भांड्यात पडला की माणसं भांडं उचलून चालू लागतात, नाही?" ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, भीती गेल्यावर थांबायचं कशाला?"

ते एका इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत राहत, आणि इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर राहून हा माणूस चुरगळलेला शर्ट घालून कामावर येई. एकदा त्यांना ताप आला तेव्हा मी नवऱ्याला घेऊन बघायला गेले होते. एक खाट, एक टेबल, एक कप. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर घडी केलेले कपडे होते आणि ते हलवायची वेळ बऱ्याच वर्षांत आली नसावी, कारण आम्ही बसायचे म्हटल्यावर त्यांची फार धांदल उडाली. चारही कोपऱ्यांत जाळी होती. कुठल्या कोपऱ्यात कोण राहते हे ते तापातही सांगत होते, आणि माझा नवरा मान डोलवत होता, आणि मी पाय वर घेऊन बसले होते. लग्न का केले नाही, हे मी त्याच दिवशी विचारून घेतले. मला असले प्रश्न पोटात ठेवता येत नाहीत. ते म्हणाले, "आई होती. मग आई नव्हती. मग उशीर झाला होता." परगावी एक बहीण आहे, ती रविवारी फोन करते आणि जेवलास का विचारते.

पुढे फोन सुधारले. लोक कोळ्याचा फोटो काढू लागले आणि फोनलाच विचारू लागले. फोन चुकीचे सांगतो असे मास्तरांनी कधी म्हटले नाही. बऱ्याचदा बरोबर सांगतो, म्हणाले. खिडकी चालू होती, फक्त माणसे येत नव्हती. सकाळी ते पेला पुसून उपडा ठेवत आणि संध्याकाळी तो तसाच उचलून कपाटात ठेवत. मी मधूनमधून बोलत असे, पण माझ्यासमोर रांग असते. रांगेतल्या माणसाला सुटे पैसे देता देता कुणाची विचारपूस होत नाही.

अशा दिवसांत फुलवाल्या बाई आल्या. आमच्या दारापासून दोन रस्ते ओलांडले की मोठे हॉस्पिटल लागते. त्याच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी त्यांचा फुलांचा ठेला होता. आजाऱ्यांना भेटायला जाणारे लोक तिथून फुले घेत. बाई मास्तरांच्याच वयाच्या, पाण्यात हात घालून घालून बोटे पांढरी पडलेली, आणि आवाज असा की रस्त्याच्या पलीकडचे गिऱ्हाईक वळले पाहिजे. त्यांनी गोळ्यांची एक पत्र्याची डबी धाडकन खिडकीत ठेवली.

"एका पोरीनं गुच्छ घेतला आणि ओरडून टाकूनच दिला. आत हा होता. विषारी आहे का तेवढं सांगा, म्हणजे कुणाच्या अंगावर काही यायला नको."

मास्तरांनी कोळी पेल्यात घेतला. मलाही दिसला. पांढराशुभ्र, जाड पोटाचा, दोन्ही कुशींवर गुलाबी रेघ, आणि पुढचे पाय खेकड्यासारखे पसरलेले. डाव्या बाजूचा पहिला पाय नव्हताच.

"माशीला विचारलंत तर विषारी," मास्तर म्हणाले. "माणसाला काही करत नाही. हा जाळं विणत नाही, फुलावर दबा धरून बसतो. आणि तो नाही, ती. मादी आहे."

"मग पांढऱ्या शेवंतीतच ठेवते तिला. तिथेच होती बिचारी." मास्तरांनी कोळी परत डबीत सोडला. बाईंनी डबी घेतली, दोन पावले गेल्या, आणि मागे वळून म्हणाल्या, "नीट बघितलंत हो. डॉक्टरसुद्धा इतकं बघत नाहीत." मास्तर पेला हातात धरून तसेच उभे राहिले.

थोड्या दिवसांनी बाई पुन्हा आल्या. डबी तीच. "ही वेगळी दिसतेय," त्या म्हणाल्या. "पिवळी आहे. पिवळ्या शेवंतीत सापडली."

मास्तरांनी पाठ बघितली, पोट बघितले, पाय बघितले. मग पुन्हा पाठ बघितली. एकदा बघितले की सांगणारा माणूस, पण त्या दिवशी इतका वेळ लावला की माझ्या रांगेतले लोकही मान वाकडी करून बघू लागले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "हो, वेगळी दिसते. ठेवून जा. नीट बघून उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी मास्तरांनी माझ्याकडचे जादा स्टूल मागितले. त्या खिडकीपुढे बसायची सोय आजवर कुणी केली नव्हती, कारण कुणी बसत नव्हते. बाई बसल्या. मास्तरांनी पिवळ्या कोळ्याचे नाव सांगितले, तो कुठे राहतो, काय खातो ते सांगितले, आणि ते संपल्यावरही बाई उठल्या नाहीत.

मग ते सुरूच झाले. कधी पिवळी, कधी पुन्हा पांढरी, कधी दुधी रंगाची, कधी किंचित हिरवट झाक असलेली. प्रत्येक वेळी "ठेवून जा, बघून सांगतो," आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी स्टूल. मास्तर नवनवी नावे सांगत. बाई फुलांचे सांगत. देठ तिरका का कापायचा, कुठल्या फुलाला वास नसतो तरी ते का खपते. एक माणूस रोज बायकोसाठी एकच गुलाब न्यायचा. एक दिवस तो आला नाही, आणि तेव्हापासून संध्याकाळी एक गुलाब उरला की त्यांना कसेसेच होते. त्यांच्या घरीही कुणी नव्हते. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता. ठेला बंद केल्यावर घरी जाऊन बोलायचे कुणाशी, म्हणून त्या ठेला उशिरा बंद करत.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालू लागले. मी काही बोलले नाही असे नाही. "आज काय, संग्रहालयात मंत्री येणार आहेत का?" म्हणाले. ते कानापर्यंत लाल झाले आणि पेला पुसत बसले. मला मनापासून बरे वाटत होते, हेही सांगून टाकते. इतकी वर्षे त्या माणसाला मी पेल्याकडे तोंड करून बसलेले बघितले होते; आता तो दाराकडे तोंड करून बसत होता.

आणि एका दुपारी, रांग नसताना, ते माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. "ताई," म्हणाले, "ती एकच आहे."

"कोण एकच आहे?"

"कोळी. पांढरी, पिवळी, दुधी, सगळी एकच. ही जात फुलाप्रमाणे रंग बदलते. पिवळ्या फुलावर काही दिवस बसली की पिवळी होते, पांढऱ्यावर नेली की पुन्हा पांढरी. डावा पुढचा पाय तुटलेला आहे, दर वेळी तोच. मी दुसऱ्या वेळीच ओळखली होती."

"मग?"

"मग काय? मी या खिडकीतून खोटं नाव दिलं. एकदा नाही, पुन्हापुन्हा."

मी म्हणाले, द्या की. कुणाचे काय वाकडे होते? तिला बरे वाटते, तुम्हाला बरे वाटते, कोळ्याला तर काही कळतही नाही. पण ते ऐकेनात. बाई म्हणे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, माझ्या ठेल्यावर चार जातींचे कोळी आहेत, मास्तरांनी सांगितलंय. मास्तरांना ते 'मास्तरांनी सांगितलंय' बोचत होते. आयुष्यात त्यांच्या मालकीचे असे काय होते? एक खोली, एक पेला आणि हा शब्द. तो खोटा निघाला तर उरले काय, असे त्यांना वाटत होते. मला ते समजत होते, पण पटत नव्हते. मी सांगितले, "मास्तर, माझं ऐका. गप्प बसा."

ते गप्प बसले नाहीत. पुढच्या वेळी बाई डबी घेऊन आल्या, स्टूल ओढून बसल्या, आणि मास्तर मात्र उठून उभे राहिले. गळ्यापर्यंत बटणे लावलेली.

"बाई, तुमच्याकडे चार जाती नाहीत. हा एकच कोळी आहे, रंग बदलतो. मला पहिल्यापासून माहीत होतं, तरी मी तुम्हाला चुकीची नावं सांगितली. माझी चूक झाली. आता ही डबी पुन्हा आणायचं काही कारण नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डबीचे झाकण दाबून लावले. "बरं," त्या म्हणाल्या. "तुमचा फार वेळ घेतला मी." आणि स्टूल होते तिथे नीट सरकवून ठेवून गेल्या.

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. "झालं एकदाचं. मोकळा झालो."

मी कपाळाला हात लावला. "मास्तर, तुम्ही तिला येऊ नका म्हणालात."

"असं कुठं म्हणालो मी? आणायचं कारण नाही म्हणालो."

"तेच ते."

"पण कारण नसतानाही माणसं येतात ना, ताई?" त्यांनी खरोखर विचारले. त्यांना माहीत नव्हते. आई गेल्यापासून त्यांच्याकडे कारणाशिवाय आलेले माणूस म्हणजे रविवारचा फोन. मी म्हणाले, येतात, येतील. आणि समोर सहल आली म्हणून वळले.

बाई आल्या नाहीत. स्टूल तिथेच होते. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून येत राहिले, नंतर तो दुसऱ्या दिवशीही चालू लागला, आणि मग पहिल्यासारखे चुरगळलेलेच शर्ट. मी त्यांना टोमणे मारायचे सोडून दिले. टोमणा मारायलाही समोर थोडा आनंद लागतो.

हेडक्लार्क निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाचा गुच्छ आणायचे काम माझ्याकडे आले, म्हणजे मी ते ओढून घेतले. ठेल्यावर बाई देठ कापत बसल्या होत्या. मी गुच्छ सांगितला आणि लगेच मुद्द्यावर आले. मास्तरांना वाईट वाटते आहे, त्यांनी फसवायला म्हणून केले नाही, असे काहीबाही बोलू लागले.

बाईंनी कात्री खाली ठेवली. "मला कुणी फसवलं नाही, ताई. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"अहो, दिवसभर मी या बादल्यांपाशी बसते. माझ्या डोळ्यांसमोर रंग बदलते ती. मीच तिला उचलून पांढऱ्यातून पिवळ्यात ठेवत होते. रंग चांगला चढला की डबीत घालून न्यायचे." त्या हसल्या, पण ते हसू लगेच ओसरले. "ते ठेवून जा म्हणायचे, तर मला वाटलं, त्यांनाही हवंय. मग त्या दिवशी उभं राहून म्हणाले, आणायचं कारण नाही. म्हटलं, कंटाळले असतील. तोंडावर सांगितलं, चांगला माणूस आहे."

"ते वाट बघतायत हो तुमची. स्टूल अजून तिथेच आहे."

बाईंनी एक देठ कापला. "वाट बघणाऱ्याला दोन रस्ते ओलांडता येत नाहीत का? मी कितीदा ओलांडले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, मुलगा बोलावतो आहे. ठेला द्यायचे ठरते आहे, महिनाअखेरीस येईल तो न्यायला. "इथे थांब म्हणणारं कुणी नाही, ताई. नुसत्या फुलांसाठी किती दिवस थांबायचं?"

मी तशीच धापा टाकत परत आले, निरोपाचा गुच्छ टेबलावर आदळला आणि मास्तरांना सगळे सांगितले. एक शब्द गाळला नाही. ते ऐकत राहिले. कोळ्याच्या पोटाखालचा ठसा ओळखणारा माणूस, आणि मला विचारतो काय, "मग ती डबी आणायची कशाला?"

"आणि तुम्ही ठेवून घेत होतात कशाला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग म्हणाले, "जातो मी."

दुसऱ्या दिवशी मी विचारले, गेलात का? नाही. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणाले. मला वाटले भेटवस्तू वगैरे. मी सुचवूही लागले, एखादी शाल, बिस्किटांचा डबा. त्यांनी मान हलवली. "त्या दर वेळी काहीतरी घेऊन आल्या. आता मी न्यायला हवं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस कोळी शोधत होता. बाईंनी कधी न बघितलेला, देखणा, आणि ज्याचे खरे नाव ते तिथे उभे राहून सांगू शकतील असा.

मी खूप बोलले. म्हणाले, जा हो नुसते, हात हलवत जा, तिथे जाऊन फक्त थांबा म्हणा. ते हो म्हणत आणि संध्याकाळी पुन्हा बागेच्या कुंपणाशी वाकलेले दिसत. रोज सकाळी डबीत एखादा कोळी असे आणि रोज तो सोडून दिला जाई. हा फार साधा. याच्या पायांवर पट्टे पुसट आहेत. हा सुंदर आहे, पण बाईंना केसाळ आवडणार नाही. मी त्यांना दाराबाहेर ढकलायचेच बाकी ठेवले होते.

शेवटी एका सकाळी ते आले ते चेहरा उजळूनच. पेला माझ्यासमोर धरला आणि मी चक्क बघितला. लहानसा, उड्या मारणारा, काळा मखमली. पाठीवर नारिंगी ठिपका, आणि तोंडापाशी दोन जबडे हिरवे चमकत होते. "नर आहे," मास्तर म्हणाले. "याचं खरं नाव सांगणार आहे." शर्टाला इस्त्री होती. माझ्या मनात आले, आज तरी सगळे नीट होऊ दे.

ते गेले आणि लवकरच परत आले. इतक्या लवकर की मला विचारायची गरजच पडली नाही. ठेला बंद होता. मुलाला रजा आधी मिळाली आणि तो गाडी घेऊन परवाच येऊन गेला, असे किल्लीवाल्याने सांगितले. तिथे आता फोनची कव्हरे विकणारा येणार आहे. उरलेली फुले बाईंनी हॉस्पिटलमध्ये वाटून टाकली होती. मास्तरांनी किल्लीवाल्याला विचारले म्हणे, पांढरी शेवंती कुणाला दिली आणि पिवळी कुणाला. त्याला काय ठाऊक असणार.

त्यांनी डबी माझ्या खिडकीत ठेवली. "ताई, मी रिकाम्या हातानेच जायला हवं होतं," म्हणाले.

मला दोघांचाही इतका राग आला की रडू फुटले. एवढी बोलकी बाई, पण एक शब्द बोलली नाही; एवढा नजरेचा पक्का माणूस, पण त्याला समोरचे दिसले नाही. मी डोळे पुसत पुसत तिकिटे फाडत राहिले आणि एका आजोबांना शाळेच्या मुलाचे तिकीट दिले. ते खूश होऊन आत गेले.

नारिंगी ठिपक्याचा कोळी मास्तरांनी मागच्या भिंतीवर सोडला. बाईंचा पत्ता कुणाकडे नव्हता. किल्लीवाल्याकडे शहराचे नाव होते, पण एवढ्या मोठ्या शहरात माणूस कसे सापडणार. मास्तर पुन्हा पेला पुसून उपडा ठेवू लागले. कुणी येत नसे. स्टूल मी परत मागितले नाही आणि त्यांनीही दिले नाही. सहलीतली मुले कधी त्यावर चढून पाटी वाचत, 'येथे किडे ओळखून मिळतील', आणि कोळ्याला आठ पाय असतात हे त्यांना सांगायलाही मास्तर उठत नसत. पाटीवरचा त्यांचा राग गेला, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मग एका सकाळी आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर कोळी दिसला. मी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. स्वयंपाकघरातून झाकणाची एक बरणी आणली. अंगावर काटा आला होता, दोनदा निसटला आणि एकदा माझ्या मनगटावरून धावला, ते मी कसे सोसले ते माझे मला माहीत. पण धरला. बरणी हात लांब करून बसमध्ये नेली. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

"मास्तर, हा बघा जरा," मी म्हणाले. "वेगळा दिसतोय."

त्यांनी पेल्यात घेतला. पाठ बघितली. तपकिरी, पाठीवर फिकट पट्टा, सगळ्या घरांच्या सगळ्या भिंतींवर असतो तोच. लहान पोरालाही कळले असते. त्यांनी पेला वर उचलून खालून पोट बघितले. मग पाय बघितले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितले, बराच वेळ. मी म्हणाले, "मला घाई नाही."

त्यांनी घसा खाकरला. "ठेवून जा, ताई," म्हणाले. "नीट बघून उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीत 'बंद'ची पाटी लावली आणि स्टुलावर जाऊन बसले. त्यांनी सगळे सविस्तर सांगितले. संध्याकाळी मी कोळी घरी नेला आणि न्हाणीघरातच सोडला, म्हणजे पुढच्या वेळी शोधायला फार त्रास नको.